प्रस्तावना : कशाच्या ऐवजी?

गेल्या काही वर्षांत मराठी घरांतल्या जेवणाच्या वेळी एक नवा वाद येऊन बसला आहे. घरातलं एक माणूस डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकून दिवसातून दोनदाच जेवतं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवतं आणि मधल्या वेळात पाणी किंवा पातळ ताक सोडून काही तोंडात घालत नाही. त्याच घरातल्या मुलीने किंवा सुनेने ऋजुता दिवेकरांची पुस्तकं वाचलेली असतात. ती दर दोन तासांनी थोडं थोडं खाते, भातावर तूप घेते आणि पोट फार वेळ रिकामं ठेवू नये असं मनापासून मानते. दोघांचंही वजन उतरलेलं असतं, दोघांनाही हलकं वाटत असतं. घरात तिसरंही कोणी असतं, ज्याला नुकतीच शुगर निघालेली आहे. त्याने या दोघांपैकी कोणाचं ऐकायचं?

हे पुस्तक त्या तिसऱ्या माणसासाठी लिहिलं आहे. त्याचा गोंधळ खरा आहे आणि तो अडाणीपणातून आलेला नाही. उलट जो माणूस वाचतो, ऐकतो, डॉक्टरांना प्रश्न विचारतो, त्यालाच तो जास्त छळतो. अंड्याचा बलक खावा की टाकावा, तूप हृदयाला वाईट की पोषक, भात सोडावा की हातसडीचा खावा, सकाळची न्याहारी राजासारखी करावी की वगळावी, या प्रत्येकाला दोन उत्तरं मिळतात आणि दोन्हीमागे कोणा ना कोणा डॉक्टरचं नाव असतं. शेवटी माणूस थकून म्हणतो, यांचं यांनाच काही ठरवता येत नाही, आपण आपलं खावं. हा थकवा मला सगळ्यात जास्त धोक्याचा वाटतो, कारण त्यात जे निश्चित ठाऊक आहे तेही टाकून दिलं जातं.

वर सांगितलेल्या दोन माणसांकडे जरा जवळून पाहू. दोन वेळा जेवू लागलेल्या माणसाने प्रत्यक्षात सोडलं काय? अकराचा चहा आणि त्याबरोबरची चार बिस्किटं, ऑफिसात कोणाच्या वाढदिवसाचा केक, पाच वाजताचं फरसाण, रात्री टीव्हीसमोरचा चिवडा. शिवाय दीक्षितांच्या सल्ल्यात रोज ४५ मिनिटं चालणंही आहे, तेही तो करू लागला. आणि दर दोन तासांनी खाणारीने काय केलं? तिनेही पाकिटातली बिस्किटं सोडली. त्यांच्या जागी मूठभर शेंगदाणे, केळं, घरचं ताक आणलं. दुपारी पोटात काही पडल्यामुळे रात्रीचं जेवण लवकर आणि कमी झालं. दोघांच्या ताटांची वेळापत्रकं उलट दिशांनी धावतात, पण दोघांनी आयुष्यातून हाकलल्या त्या वस्तू जवळजवळ त्याच आहेत.

जेवणाच्या वेळांचा परिणाम अजिबात नसतो, असं मात्र नाही. चेक प्रजासत्ताकात टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर एक प्रयोग झाला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तेवढेच उष्मांक एकदा बारा आठवडे सहा छोट्या खाण्यांत विभागून दिले आणि एकदा बारा आठवडे फक्त न्याहारी आणि दुपारचं जेवण अशा दोन वेळांत. सहा वेळा खाताना वजन सरासरी २.३ किलो उतरलं, दोन वेळा खाताना ३.७ किलो. दीक्षितांच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा पुरावा आवडेल. पण चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ स्थूल माणसांना वर्षभर कमी उष्मांकांचा आहार दिला गेला. त्यातल्या निम्म्यांनी तो सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाल्ला, निम्म्यांनी हवा तेव्हा. २०२२ साली निकाल आला तेव्हा पहिल्या गटाचं वजन ८ किलोंनी आणि दुसऱ्याचं ६.३ किलोंनी उतरलं होतं. हा फरक इतका लहान होता की तो योगायोगानेही पडला असता. वेळेचा हात थोडा असेल, पण मोठं काम खाल्लेल्या एकूण अन्नाने केलं.

या सगळ्यातून मला एकच प्रश्न हाती लागला, आणि पुढची सगळी प्रकरणं त्याच्याभोवती रचलेली आहेत. कोणीही कोणताही पदार्थ खा किंवा सोडा म्हणाला, तर त्याला विचारायचं: कशाच्या ऐवजी? आहाराचा सल्ला नेहमी अर्धाच सांगितला जातो. पोटाची जागा ठरलेली आहे. एक गोष्ट गेली की दुसरी येते, आणि परिणाम त्या अदलाबदलीचा असतो. परस्परविरोधी वाटणारे बरेचसे सल्ले ही दुसरी बाजू जोडून वाचले की त्यांच्यातलं भांडण मिटतं. जे थोडे उरतात तिथे खरोखरच मतभेद आहे, आणि ते मी तसेच मांडले आहेत.

तुपाचं उदाहरण घ्या. अमेरिकेत अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर संपृक्त चरबी आणि हृदयविकार यांचा संबंध मांडला. १९६१ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने लोणी-चरबी कमी करून त्यांच्या जागी वनस्पतिज तेलं वापरा असा सल्ला दिला. तो सल्ला पुढे लोकांपर्यंत पोचता पोचता 'चरबी कमी करा' एवढाच उरला. जागा कशाने भरायची ते गळून गेलं. कारखान्यांनी ती जागा मैदा आणि साखरेने भरली आणि पाकिटावर 'लो फॅट' छापलं. आपल्याकडे त्याच्याही आधी वेगळी अदलाबदल सुरू झाली होती. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि महाग तुपाच्या जागी वनस्पती तूप घराघरांत, हलवायांच्या कढयांत शिरलं. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना तयार होणारी ट्रान्स फॅट्स रक्तवाहिन्यांना तुपापेक्षा कितीतरी वाईट आहेत, हे कळायला अनेक दशकं गेली. भारतात तेल-वनस्पतीतलं त्यांचं प्रमाण दोन टक्क्यांवर आणण्याचा नियम लागू व्हायला २०२२ साल उजाडलं.

आता सांगा, तूप चांगलं की वाईट? वनस्पतीच्या ऐवजी तूप आणलं तर नक्की चांगलं. तुपाच्या ऐवजी शेंगदाण्याचं, करडईचं किंवा तिळाचं तेल आणलं तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उतरतं, म्हणजे तेलाची बाजू वरचढ. तूप सोडून टोस्ट आणि खारी आणली तर काहीच मिळवलं नाही, चव मात्र गेली. आणि वरणभातावर चमचाभर तूप घेऊन पोट भरल्यामुळे संध्याकाळची भजी टळली, तर त्या चमच्याला मी दोष देणार नाही. चारही उत्तरं खरी आहेत. प्रत्येक सल्लागार यातलं एक उचलतो आणि तेवढंच सांगतो.

ऑलिव्ह तेलाचीही हीच गोष्ट. स्पेनमध्ये ७,४४७ लोकांवर झालेल्या प्रयोगात ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा भरपूर असलेला भूमध्यसागरी आहार घेणाऱ्यांना हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी आले. २०१३ सालचा तो निबंध २०१८ साली मागे घ्यावा लागला, कारण काही ठिकाणी माणसं गटांत वाटताना चिठ्ठ्या टाकण्याची शिस्त पाळली गेली नव्हती. संशोधकांनी हिशेब पुन्हा करून तो त्याच वर्षी नव्याने छापला आणि निष्कर्ष बऱ्याच अंशी टिकला. ज्यांना वाटतं की शास्त्रज्ञ चुका लपवतात, त्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा. पण या प्रयोगात ऑलिव्ह तेलाची तुलना कशाशी होती? 'चरबी कमी खा' एवढा उपदेश मिळालेल्या गटाशी. शेंगदाण्याच्या तेलाशी नव्हे. मग पुण्या-नाशिकच्या मध्यमवर्गीय घराने घाण्याचं शेंगदाणा तेल सोडून पाचपट किमतीची परदेशी बाटली आणावी, याला या प्रयोगातून काडीचाही आधार मिळत नाही.

गोंधळाचं दुसरं मूळ संशोधनाच्या पद्धतीत आहे. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण बातम्यांतले बहुतेक निष्कर्ष ज्या पद्धतीने निघतात ती अगदी साधी आहे. हजारो माणसांना विचारायचं, तुम्ही गेल्या वर्षभरात आठवड्यातून किती वेळा अमुक खाल्लंत? मग पुढे दहा-वीस वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. आपल्या घरात महिन्याला पाच लिटर तेल येतं, त्यातलं आपल्या पोटात किती गेलं हे कोणाला सांगता येईल? आठवण दगा देते. त्याहून मोठी अडचण म्हणजे जो माणूस रोज फळं खातो तो बहुधा सिगारेट ओढत नाही, चालायला जातो, डॉक्टरकडे वेळेवर जातो आणि त्याच्या खिशात फळांना पैसे असतात. आरोग्य फळांमुळे राहिलं की बाकीच्यांमुळे?

गाजरातल्या बीटा कॅरोटीनचा धडा या बाबतीत कायमचा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्यांच्या रक्तात ते जास्त असतं त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं एकामागून एक पाहण्यांत दिसलं होतं. तेव्हा फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून काहींना बीटा कॅरोटीनची गोळी दिली, काहींना नुसतीच दिखाऊ गोळी. १९९४ साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग १९९६ साली मुदतीआधी थांबवावा लागला. ज्या द्रव्याने माणसं वाचतील असं वाटलं होतं, त्याने अपाय झाला. गाजर खाणाऱ्याचं आयुष्य गोळीत भरता येत नाही, हे फार मोठी किंमत मोजून कळलं. आज हळदीतलं अमुक, शेवग्यातलं तमुक वेगळं काढून महागड्या डब्यांत विकलं जातं, तेव्हा मला फिनलंडमधली ती माणसं आठवतात.

शिवाय टक्केवारी. प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली जाहीर केलं. ते खरं आहे. पण जिथे शंभरातल्या पाच जणांना हा आजार आयुष्यात कधीतरी होणार असेल, तिथे १८ टक्के वाढ म्हणजे पाचाचे साधारण सहा. मथळ्यात मात्र अठराच येतात. पैसा कोणाचा, हेही पाहावं लागतं. १९६७ साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात चरबीला दोषी ठरवणारा आणि साखरेवरचा संशय हलका करणारा लेख छापून आला. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना पैसे दिले होते, हे २०१६ साली जुन्या पत्रव्यवहारातून उघड झालं.

तिसरं मूळ आपल्या अंगात आहे, आणि ते पुण्यात शोधलं गेलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान, स्नायू कमी, पोटाचा घेर कमी. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. किडकिडीत दिसणारं ते मूल जन्मतःच चरबीच्या बाजूला झुकलेलं होतं. २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. तो इंडेक्स दोघांना एकच आकडा सांगत होता आणि आत दोन वेगळी शरीरं होती.

म्हणून परदेशी पुस्तकातलं 'तुमचं वजन योग्य आहे' हे वाक्य आपल्याला लागू पडेलच असं नाही. आपल्याकडे बॉडी मास इंडेक्सची धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ वर ओढली जाते ती याच कारणाने. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं दिसलं. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. हे सगळे जाडजूड लोक नाहीत. त्यातले कितीतरी जण आयुष्यभर 'मला काय होणार, मी तर काटकुळा' असं म्हणत आलेले आहेत.

पुण्याच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. आईने एकूण किती उष्मांक खाल्ले यापेक्षा ती पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा घेते याचा बाळाच्या वाढीशी संबंध जास्त होता. पण गाजराच्या गोष्टीनंतर आपण इथेच थांबू शकत नाही. हीदेखील नुसती पाहणीच होती. मुंबईच्या वस्त्यांत पुढे तिची परीक्षा झाली. गर्भधारणेच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत स्त्रियांना रोज एक खाऊ दिला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळं, दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषक भाज्या. दोघींनाही खाऊ मिळालाच, फक्त आतला जिन्नस वेगळा. 'कशाच्या ऐवजी' हा प्रश्न इतक्या नेटकेपणाने विचारलेला प्रयोग मी फार थोडा पाहिला आहे. सगळ्या बाळांचं मिळून वजन लक्षणीय वाढलं नाही. ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेतला त्यांच्या बाळांचं सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरलं. आणि गरोदरपणातला मधुमेह पहिल्या गटात ७.३ टक्के, दुसऱ्यात १२.४ टक्के निघाला. याची पाकिटं विकून कोणी श्रीमंत होणार नाही, म्हणूनच बहुधा हे आपल्याला कोणी ओरडून सांगितलं नाही. मेथी, चाकवत, राजगिरा, पेरू, कपभर दूध, आणि तेही मूल होण्याचा विचार मनात आल्यापासून.

ज्याबद्दल वाद नाही ते पटकन सांगतो. डाळी, उसळी, पालेभाज्या, फळं वाढवावीत, साखर, मीठ आणि तळलेलं कमी करावं, तंबाखू सोडावी, झोप पुरी घ्यावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सतरा मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यात दिवसाच्या उष्मांकांपैकी तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. आपल्या ताटात तो याहून पुष्कळ जास्त असतो. पण 'पोळी-भाकरी कमी करा' हे वाक्यही अर्धंच आहे. त्या जागी पातळ आमटीऐवजी घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठलं, अंडं किंवा बांगडा येणार असेल तर उत्तम. ज्या घरात या कशालाच पैसे पुरत नाहीत, तिथे तो सल्ला म्हणजे उपाशी राहा असं सांगणं आहे. त्या घराला स्वस्त डाळ मिळेल हे पाहणं सल्लागाराचं नव्हे, सरकारचं काम आहे.

चालण्याबद्दलही हेच. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजण्याचं यंत्र विकताना रूढ झाला. तो संशोधनातून आलेला नव्हता. अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांच्या पाहणीत, २०१९ साली, रोज सुमारे २,७०० पावलं चालणारींच्या तुलनेत ४,४०० चालणारींचं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी दिसलं आणि साडेसात हजारांनंतर फायदा वाढेनासा झाला. हीसुद्धा पाहणीच आहे, आजारी माणूस मुळात कमीच चालतो. तरीही गुडघे दुखणाऱ्या आजीला दहा हजारांच्या धाकाने घरी बसवण्यापेक्षा 'कालच्यापेक्षा दोन गल्ल्या जास्त' हे सांगणं मला जास्त योग्य वाटतं.

एक प्रकरण मी मुद्दाम सुरुवातीलाच ठेवलं आहे. ते घरात सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईबद्दल आहे. देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. एकाच छपराखाली नवऱ्याचं पोट सुटलेलं असतं आणि बायकोचं हिमोग्लोबिन नऊ असतं, आणि दोघांसाठी आहाराचा एकच व्हिडिओ लावला जातो. नवऱ्याच्या दोन जेवणांच्या व्रतात ती सामील होते, वर तिचे स्वतःचे सोमवार आणि चतुर्थी असतातच. उपासाला साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. जेवणावर लगेच चहा, जो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. तिला वजन उतरवण्याचा सल्ला देणाऱ्या कोणीही आधी तिचं रक्त तपासलेलं असायला हवं. यावर मला वाद नको आहे.

पुस्तक सलग वाचायलाच हवं असं नाही. तेला-तुपाचं, गोडाचं, उपासाचं, मासे-अंड्यांचं आणि पूरक गोळ्यांचं प्रकरण स्वतंत्र आहे. प्रत्येकात आधी त्या विषयावरचे विरोधी सल्ले, मग त्यांची तुलना कशाशी होती ते, आणि शेवटी माझं मत दिलं आहे. मत आणि पुरावा एकमेकांत मिसळू नयेत याची काळजी घेतली आहे. वाचकांपैकी ज्यांना मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी मात्र पान उलटण्यापूर्वी एवढं करावं. जेवणाची वेळ वगळायची असेल किंवा भात-पोळी एकदम कमी करायची असेल, तर आधी डॉक्टरांना भेटून औषधाचा डोस बदलून घ्यावा. जेवण कमी झालं आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर अचानक खाली जाते; घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बोलता बोलता भरकटतो. तसं झालं तर त्या क्षणी कोणताही पंथ न पाहता तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावं.